स्टाफच्या जोरावर फ्रँचायझी चालवायची असेल तर, खान्देशातल्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, कुठेही चक्कर मारा, चहा, पिझ्झा, आइस्क्रीम, चष्मे, सलून, पॅथॉलॉजीचं कलेक्शन सेंटर, लहान मुलांची शाळा, सगळ्याचे फ्रँचायझीचे बोर्ड लागलेत. आणि विकायला येणारा माणूस सगळ्यांना एकच सांगतो, दादा तुम्हाला काहीच करायचं नाही, स्टाफ करतो, तुम्ही तुमची शेती बघा, नोकरी करा, महिना झाला की पैसे खात्यात. यातलं अर्धं खरं आहे. चहा तुम्हाला उकळायचा नाही, टेबल पुसायचं नाही, हे खरंच. पण जो चहा उकळतो तो उद्या येईल का, आला तर नीट उकळेल का, आणि नाही आला तर त्याच्या जागी कोण, हे रोज बघायचं काम तुमचंच राहतं, ते कंपनी करत नाही.

माझं जळगावला चहा-स्नॅक्सचं एक आउटलेट आहे, आणि घरची केळी रावेर तालुक्यात आहे, म्हणजे दुकानात दिवसभर बसणं मला शक्यच नाही, पहिल्यापासून माणसं ठेवूनच चालवलंय. खाली जे लिहितोय ते खाण्यापिण्याच्या आउटलेटवरून लिहितोय पण बहुतेक गोष्टी सलूनला, मेडिकलला पण लागू पडतात.

आधी हिशोब, आणि त्यात मॅनेजरचा पगार

कंपनीवाला जो कागद दाखवतो त्यात बघा मॅनेजरचा पगार धरलाय का. बहुतेक वेळा नसतो. तिथे धरलेलं असतं की मालक स्वतः सकाळ-संध्याकाळ उभा राहणार आणि त्याची मेहनत फुकट. तुम्ही तर उभे राहणार नाही, मग तो सगळा नफा तुमचा नाहीच.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या ब्रँडचे तुम्ही टाका. समजा महिन्याची विक्री जीएसटी सोडून ४,५०,०००. कच्चा माल ४२ टक्के म्हणजे १,८९,०००. रॉयल्टी, म्हणजे ब्रँडचं नाव वापरायचे कंपनीला द्यायचे पैसे, ६ टक्के, २७,०००. त्या रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी, ४,८६०. हा जीएसटी नीट लक्षात घ्या, कारण रेस्टॉरंट ५ टक्के जीएसटीत चालतं आणि त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे रॉयल्टीवर भरलेले ४,८६० परत यायचे नाहीत, तो सरळ खर्चच. भाडं ४०,०००, लाइट २२,०००, पाच पोरं सरासरी १३,००० प्रमाणे ६५,०००, गॅस-पॅकिंग-सॉफ्टवेअर-दुरुस्ती मिळून २५,०००. सगळं वजा केलं की उरतात ७७,१४०. एजंट इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, महिन्याला ७७ हजार.

आता पुढचं तुम्ही लिहा. मॅनेजर २५,०००. रिलिव्हर एक, १२,०००, तो का लागतो ते खाली सांगतो. दिवाळीला सगळ्यांना एक पगार बोनस द्यायचा तर तो महिन्याला ८.३३ टक्के पडतो, १,०२,००० पगारावर साधारण ८,५००. सांडलं, जळलं, उरलं, फेकलं त्याचे ५,५००. हे झाले ५१,०००. उरले २६,१४०. आणि तुम्ही बँकेचं १२ लाख कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं असेल तर त्याचा हप्ता येतो साधारण २६,०९०.

म्हणजे महिनाअखेर हातात पन्नासेक रुपये!

आता याचा अर्थ धंदा वाईट असं नाही, पाच वर्षांनी कर्ज फिटलेलं असेल आणि विक्री ६ लाखावर गेली तर गोष्ट वेगळी, कारण भाडं आणि मॅनेजर तेवढाच राहतो. पण ४.५ लाखाच्या विक्रीवर हे दुकान फक्त स्वतः उभं राहणाऱ्यालाच परवडतं, हे सही करायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणून माझा नियम साधा आहे, मॅनेजर आणि रिलिव्हर धरून, हप्ता भरून सुद्धा काही उरत असेल तरच ते माणसांवर सोडून चालण्यासारखं दुकान. आणि कमी विक्रीच्या महिन्याचा पण हिशोब करा, नुसता दिवाळीच्या महिन्याचा नको.

करारात काय शोधायचं

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा असा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं, म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच. तोंडी सांगितलेलं काही धरू नका. जळगाव कोर्टात बसणाऱ्या एखाद्या वकिलाला हजार-दोन हजार देऊन तो करार वाचून घ्या, तेवढे पैसे कुठे गेले असं वाटणार नाही.

मालकाने पूर्णवेळ हजर राहायचं अशी अट आहे का ते पहिलं बघा. काही ब्रँडमध्ये असते, अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सची तर जुनी पद्धतच आहे की फ्रँचायझी घेणाऱ्याने स्वतः पूर्णवेळ धंद्यात राहायचं, नुसता पैसे लावणारा त्यांना नको असतो. अशी अट असेल आणि तुम्ही दिसत नसाल तर उद्या तेच कारण सांगून करार मोडता येतो. मॅनेजर नेमायची परवानगी लेखी घ्या.

मग रॉयल्टी कशावर. ऑनलाइन ऑर्डर २०० ची, त्यातून अ‍ॅपवाल्याने कमिशन कापलं, तुमच्या हातात आले समजा १५०, रॉयल्टी २०० वर की १५० वर? करारात 'ग्रॉस' लिहिलं असेल तर २०० वर. सगळ्याच ठिकाणी रॉयल्टी असते असंही नाही, अमूलच्या पार्लरला रॉयल्टी नसते, मालावरचं कमिशन हाच धंदा, पण तिथे मार्जिन कमी असल्याने मॅनेजरचा पगार निघेल का तो हिशोब परत करावाच लागतो.

एफओएफओ, एफओसीओ हे शब्द कानावर येतील. पहिल्यात दुकान पण तुमचं आणि चालवणार पण तुम्ही. दुसऱ्यात पैसे तुमचे पण चालवणार कंपनी, आणि तुम्हाला ठरलेला वाटा. ऐकायला दुसरं सोपं वाटतं. पण तिथे विक्रीवर, माणसांवर, खर्चावर तुमचा काहीच हात नसतो, आणि 'गॅरंटीड रिटर्न' लिहून देणारी कंपनी उद्या बंद पडली तर गॅरंटी कोणाकडे मागणार? म्हणून कंपनीचं नाव एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर बघा, १०० रुपये भरून तिचे ताळेबंद उघडता येतात. ट्रेडमार्क खरंच त्यांच्या नावावर आहे का ते सरकारच्या साइटवर फुकट दिसतं. मोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या साइट काढून रजिस्ट्रेशन फी लुटणारे खूप झालेत, त्यामुळे गुगलवर पहिला आलेला नंबर कधीच लावू नका.

आणि फोन करण्यापेक्षा जाऊन भेटा. कंपनी तुम्हाला पुण्याचं चकाचक आउटलेट दाखवेल. तुम्ही आपल्यासारख्या गावातलं बघा, चाळीसगाव, मालेगाव, बऱ्हाणपूर, अशा ठिकाणचं, मालकाला विचारा की दादा तुम्ही दिवसाचे किती तास इथे असता. तो म्हणाला सकाळी ८ ते रात्री ११, तर समजून घ्या. बंद पडलेल्या आउटलेटचा मालक मिळाला तर अजून चांगलं, एक चहा पाजा, तो सगळं सांगतो.

सरकारी नोकरी असेल तर अजून एक. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. बायकोच्या नावावर घेणार असाल तर ती खरोखर मालकीण असू द्या, सही तिची, बँक तिची, निर्णय पण तिचे. माझ्या माहितीत अशी दुकानं ताईंनी फार चांगली चालवलीत, फक्त नावापुरती बाई ठेवली तिथे घोळ झाला, कारण स्टाफला कळतच नाही ऐकायचं कोणाचं.

माणसं किती लागतात

पाच पोरं आणि एक मॅनेजर, सहा जण. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी, ती कायद्यानेच आहे. म्हणजे आठवड्यात सहा दिवस कोणी ना कोणी सुट्टीवर. ते सहा दिवस भरून काढायला एक पूर्ण माणूस लागतो, त्याची स्वतःची सुट्टी सातव्या दिवशी. तो हा रिलिव्हर. त्याला सगळी कामं थोडी थोडी यायला पाहिजेत. हा माणूस नसला की काय होतं तर सुट्टी रद्द करावी लागते, दोन महिने पोरगा सहन करतो, तिसऱ्या महिन्यात फोन बंद. मग तुम्ही केळीच्या बागेतून गाडी काढून काउंटरला उभे. म्हणजे १२ हजार वाचवायला गेलो आणि ज्यासाठी मॅनेजर ठेवला तेच गेलं.

कामाचे आठवड्याला ४८ तास, वरचं काम दुप्पट दराने. बायकांना कामावर ठेवलं आणि रात्री उशिरापर्यंत थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची, घरी सोडायची सोय पाहिजे. मी तर सांगेन काउंटरला बाई ठेवाच, दोन वर्षं टिकतात, गल्ल्याचा हिशोब चोख, फक्त शिफ्ट ठरलेल्या वेळेला संपली पाहिजे, शेवटची भुसावळची गाडी चुकली तर तिच्या घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

खान्देशात माणसं कधी नसतात त्याचं कॅलेंडर आपलं वेगळं आहे, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ते नसतं. चोपडा, यावल, शिरपूर, शहाद्याच्या सातपुड्यातली पोरं असतील तर होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार, तेव्हा ती थांबणारच नाहीत, थांबवू पण नका. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकीबाळी माहेरी, कामाला असणाऱ्या बायका पण माहेरी. श्रावणात कानबाईचा सण, त्या रविवारी ज्यांच्या घरी रोट, म्हणजे कानबाईचा नैवेद्य आहे त्यांना सुट्टी द्यावीच लागते. पोळा. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरचे बोलवतात, दिवसाची मजुरी चांगली मिळते. हे सगळं जानेवारीतच एका मोठ्या कागदावर लिहून आतल्या खोलीत लावा, आणि पोरांनाच सांगा आपसात ठरवा कोण कधी जाणार. त्यांनी ठरवलेलं ते पाळतात, आपण लादलेलं पाळत नाहीत.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी १ ते ५ रस्त्यावर कोणी नसतं. त्या महिन्यात पूर्ण दिवसाची शिफ्ट ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी ७ ते १२ एक तुकडी, संध्याकाळी ५ ते १०:३० दुसरी, मधे दोघांवर चालतं. कंपनीच्या कराराप्रमाणे दुकान दिवसभर उघडं लागत असेल तर उन्हाळ्याची सूट मागून घ्या, लेखी विचारलं तर बरेच देतात.

मॅनेजर कुठून आणायचा

बाहेरून मोठ्या हॉटेलातला आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तो येतो, सहा महिने राहतो, नाशिकला दोन हजार जास्त मिळाले की जातो. आपल्याच काउंटरवरचा, दीड-दोन वर्षं टिकलेला, ज्याला पोरं दादा म्हणतात असा बघा. इंग्रजी कमी येत असेल तर चालेल, हिशोब आला पाहिजे आणि समोरच्याला न ओरडता सांगता आलं पाहिजे.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. कंपनीचं ट्रेनिंग हिंदीत, मॅन्युअल इंग्रजीत. पोरं आपसात अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडची लेवा बोली, डोंगरातली पावरी. इंग्रजी मॅन्युअल कोणी वाचत नाही. तर मालकाने करायचं एक खरं काम म्हणजे ते मॅन्युअल आपल्या भाषेत, फोटो काढून, एकेका पानाचं करणं. मशीन कसं धुवायचं, सहा फोटो. दुकान बंद करताना काय काय बघायचं, गॅस, फ्रीज, शटर, दहा ओळी. भिंतीवर, जिथे ते काम होतं तिथेच. मी हे मॅनेजरला बसवून त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, त्याच्यामुळे त्याला पण वाटलं की दुकान आपलं आहे.

मॅनेजरला पगारावर इन्सेन्टिव्ह द्या पण कशावर द्यायचा ते नीट ठरवा. नुसत्या विक्रीवर दिला तर तो डिस्काउंट वाटत सुटतो. नफ्यावर दिला तर भाडं वाढल्यावर त्याचे पैसे कमी होतात आणि भाडं काही त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात तीन गोष्टी, संपलेला माल आणि बिलातला माल यातला फरक, पोरांचं टिकणं, आणि ग्राहकांच्या तक्रारी. या तिन्हींवर थोडे थोडे ठेवा, दर महिन्याला, पगाराबरोबरच. सहा महिन्यांनी देतो म्हटलं की कोणाचाच विश्वास बसत नाही.

नातेवाईक ठेवायचा का? भाचा, साला, चुलत भाऊ... ठेवू नका असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे ते टळत पण नाही. पण तो मॅनेजरच्या हाताखाली, आणि मॅनेजर त्याला घरी पाठवू शकतो हे सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकायचं. आणि घरचे, मित्र, गाववाले आले की 'काय भो, कथा शे?' करत चहा होतोच, तो होऊ द्या, पण बिल बनलंच पाहिजे, पैसे तुमच्या खिशातून. मालकाचा चहा बिलाशिवाय गेला की दुसऱ्या दिवसापासून मालाचा पडताळा जुळायचा बंद होतो, कारण प्रत्येक कमी पडलेल्या कपाला 'शेठचे पाहुणे होते' हे उत्तर तयार.

रोजचे पंधरा मिनिट

तुम्ही दुकानात नाही तर दुकान कळणार कसं, तर तीन आकड्यांवरून. मशीनवर किती विक्री दिसते, कॅश आणि यूपीआय मिळून किती आले, आणि माल किती संपला. तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. पहिले दोन सगळे बघतात, तिसरा कोणी बघत नाही आणि पैसा तिथेच जातो.

कपाचा पडताळा कसा करायचा ते दाखवतो. सकाळी कप १,२४०. दुपारी एक पेटी आली, ५०० कपांची. रात्री मोजले तर १,३१०. म्हणजे वापरले ४३०. बिलात कप ३९६. स्टाफचा चहा १८, वहीत लिहिलेला. फुटलेले, पडलेले ६, ते पण लिहिलेले. झाले ४२०. दहा कप कुठे गेले?

एका रात्री दहाचा फरक आला म्हणून कोणाला विचारू नका. मोजताना चूक होते, पेटीत दोन-चार कमी निघतात. आठवडाभर लिहित जा. रोज थोडा थोडा, कधी कमी कधी जास्त असा फरक असेल तर ते मोजणं आणि वेस्टेज आहे. पण फक्त एकाच शिफ्टला, फक्त एकाच माणसाच्या दिवशी दहा-बारा जात असतील तर मग मॅनेजरला सांगून त्याच्याशी एकट्यात बसून बोलायचं, चारचौघात नाही. बऱ्याच वेळा निघतं काय तर तो ओळखीच्या रिक्षावाल्यांना बिल न करता देत असतो, चोरी वाटतच नाही त्याला. समजावलं की थांबतं. नाही थांबलं तर हिशोब चुकता करून मोकळं करायचं, त्याच दिवशी.

असंच दूध, पनीर, चीज, म्हणजे जो महाग माल आहे त्यातले आठ-दहा आयटम रोज, आणि बाकी सगळं रविवारी रात्री. सगळंच रोज मोजायला लावलं तर पोरं अंदाजे आकडे भरतात, मग त्या कागदाचा उपयोग शून्य.

बिल कॅन्सल करायचा पासवर्ड फक्त मॅनेजरकडे. कॅन्सल बिलांची यादी रोज रात्री तुमच्या मोबाइलवर आली पाहिजे, कारणासकट. क्यूआर कोडवर कोणाचं नाव येतं ते भेट दिली की स्वतः स्कॅन करून बघा, त्यावर दुसरा चिकटवायला दोन सेकंद लागतात. कॅश दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत, पूर्णच्या पूर्ण, त्यातून भाजी आणली गॅस आणला असं करायचं नाही, किरकोळ खर्चाला वेगळे दोन हजार ठेवा आणि ते संपले की पावत्या बघून परत भरा.

कॅमेरे लावा पण दिवसभर मोबाइलवर बघत बसून फोन करू नका की टोपी का नाही घातली. पोरांना आपण चोर समजले गेलो असं वाटतं, चांगली पोरं आधी जातात. पडताळ्यात काही खटकलं तरच त्या वेळेचं फुटेज बघायचं, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

दुकानात आठवड्यातून दोनदा जा, वेळ बदलून, एकदा सकाळी उघडताना, एकदा रात्री बंद होताना. गेल्यावर गल्ल्यावर बसायचं नाही. ही आपली सवयच आहे, मालक आला की मॅनेजर उठतो आणि मालक गल्ल्यावर. मग पुढचे दोन तास सगळे तुम्हालाच विचारणार, साखर संपली काय करू, तो गिऱ्हाईक सुट्टे मागतोय काय करू, आणि तुम्ही गेल्यावर मॅनेजरचं कोणी ऐकणार नाही. कोपऱ्यातल्या टेबलला बसा, पैसे देऊन चहा मागवा, बघा. काही चुकीचं दिसलं तर मॅनेजरला सांगा, पोराला नाही. अगदी गॅस उघडा राहिला असं काही असेल तेवढंच सरळ बोला.

पगार, उचल आणि कागद

पगार ७ तारखेच्या आत, बँकेत. एकदा जरी २० तारखेला गेला तर पोरं दुसरीकडे बघायला लागतात, दुकान कितीही चांगलं असो.

उचल हा आपल्याकडचा मोठा विषय. घरी कोणी आजारी, लग्न, बी-बियाणं, काही ना काही असतंच, आणि नाही म्हटलं तर माणूस जातो, सरसकट दिली तर उचल घेऊन जातो. माझ्याकडे ठरलेलं असं आहे, त्या तारखेपर्यंत जेवढं काम केलं त्याच्या निम्मी उचल मॅनेजर स्वतः देऊ शकतो, मला विचारायची गरज नाही. त्यावर पाहिजे असेल तर माझ्याशी बोलायचं, सही घेऊन, किती हप्त्यांत कापायची ते लिहून. दवाखान्याला मात्र नियम लावायचा नाही, लगेच द्यायची.

डोंगराकडची पोरं असतील तर एक खोली आणि रात्रीचं जेवण याची सोय केली तर हजार रुपये पगार वाढवण्यापेक्षा जास्त टिकतात. खोलीत पंखा, पाणी, स्वच्छ संडास आहे का ते स्वतः जाऊन बघा, मॅनेजरवर सोडू नका.

कागदांचं थोडक्यात, बाकी सीएला विचारा. शॉप अ‍ॅक्ट, ज्याला सगळे गुमास्ता म्हणतात ते. खाण्याचं असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवाना, त्याचा १४ आकडी नंबर दर्शनी लावावा लागतो, आणि कंपनीचा नंबर चालत नाही, तुमच्या जागेचा वेगळा लागतो. व्यवसाय कर, पुरुषांना महिना १०,००० च्या वर पगार असेल तर २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पर्यंत माफ, तो पगारातून कापून तुम्ही भरायचा. २० माणसं झाली की पीएफ. ईएसआय लागू झालं तर २१,००० पर्यंत पगारवाल्यांना, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५, यात त्यांच्या घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते म्हणून टाळायचं बघू नका. १० माणसं असली की महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती, २०१३ च्या कायद्याने. किमान वेतन हॉटेल आणि दुकान असं वेगवेगळं ठरतं आणि मधे मधे बदलतं, ते दर सहा महिन्यांनी तपासायचं. ही सगळी जबाबदारी तुमची, कंपनीची नाही, स्टाफ कंपनीचा टीशर्ट घालत असला तरी.

दुसरं आउटलेट

पहिलं बरं चाललं की कंपनीच मागे लागते, भुसावळला घ्या, धुळ्याला घ्या. भुसावळ जळगावहून २५ किलोमीटर, एका संध्याकाळी दोन्ही दुकानं होतात. धुळं ९० च्या आसपास, तिथे आठवड्यातून दोनदा जाणं शेती सांभाळून होत नाही, मग तिथला मॅनेजर अजून भक्कम लागतो, किंवा धुळ्यातलाच कोणी भागीदार.

मी आधी बघेन की पहिल्या दुकानाचा मॅनेजर महिनाभर सुट्टीवर गेला तर चालतं का. खरंच पाठवा त्याला, पगारी सुट्टी, लग्नसराई सोडून एखाद्या महिन्यात, आणि त्याच्या हाताखालच्याला खुर्ची द्या. पडताळा जुळला, तक्रारी वाढल्या नाहीत, कोणी सोडून गेलं नाही, तर तुमच्याकडे दोन मॅनेजर तयार आहेत, एकाला भुसावळला पाठवता येतो. आणि भुसावळचा पिनकोड, म्हणजे तो भाग, आधी आपल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही ही ओळ पहिल्याच करारात टाकून घ्यायची, तेव्हा कंपनीला तुमची सही पाहिजे असते त्यामुळे ती मिळते, नंतर नाही मिळत.